क्षमेविना शेती

औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा आटोपली, कयाधूच्या पात्रात पाणी डबक्याडबक्यांनी उरले आणि दुपारच्या वाऱ्याला धग आली, की आमच्या परसातील ज्वाला मिरचीची झाडे दरवर्षी एकाच क्रमाने विझत जातात: आधी फूल गळते, मग पाने वळतात, आणि चैत्र सरता सरता काडीखेरीज काही शिल्लक राहत नाही. यंदा मात्र परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, झाडं मरू देण्यापेक्षा त्यांची बदली करा की!" उभी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे या शब्दाचे भय आणि मोह दोन्ही मला ठाऊक, तेव्हा परसातल्या सात झाडांपैकी सहांचा तबादला मागच्या खोलीत, मातीवाचून केवळ पाण्यावर चालणाऱ्या शेतीत करावा, असा हुकूम मी स्वतःच काढला. सातव्याची मुळे कुंपणाच्या दगडांत गुंतलेली. ते कायम मुक्कामी राहिले.

शेंडे एकतृतीयांश छाटून, पानांखालचे कोळी आणि फुलकिडे निंबोळी तेलाच्या फवाऱ्याने निपटून, संध्याकाळी आम्ही झाडे उपटली. परंतु खरे काम त्यानंतरचे होते. वसमतच्या बाजारात जिची हळद सोन्याच्या मोलाने मिरवते, तीच ही काळी माती: भिजली की मेणासारखी चिकटणारी, वाळली की दगडासारखी आवळणारी. कोमट पाण्याच्या घमेल्यात मुळे बुडवून बोटांनी एकेक धागा सोडवावा, तर पहिले पाणी शाईसारखे, दुसरे चहासारखे, आणि पाचव्या पाण्यात कुठे मुळांचा पिवळट रंग दिसू लागला. ते सारे गढूळ पाणी कुंपणाशी राहिलेल्या सातव्या झाडाच्या बुंध्यात ओतले, एवढेच काय ते त्याच्या वाट्याला आले.

नवी वसाहत म्हणजे बाहेरून काळा रंग दिलेल्या सहा बादल्या, कारण आत उजेड गेला की शेवाळ धरते. प्रत्येकीच्या झाकणात भाजक्या मातीच्या गोट्यांनी भरलेली जाळीची वाटी, तळाशी माशांच्या पेटीत बुडबुडे सोडणारा पंप, आणि वर रोज चौदा तास जळणारे एलईडी दिवे. पहिला आठवडा विद्राव्य खताची मात्रा निम्मी, उजेडही बेताचा. पाने गळून झाडे बोडकी झाली, तेव्हा सौभाग्यवतींनी दारातून विचारले, "अहो, ही शेती आहे की सलाईन? आणि यांचा सातबारा आता कुणाच्या नावावर?" नवव्या दिवशी जाळीतून दुधासारखी शुभ्र मुळे डोकावली. पुढे फुले आली. पण खोलीत ना वारा ना माशी, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास एकेका फुलाला मी बोटाने टिचकी मारीत असे, म्हणजे पराग झडून जागच्या जागी फळधारणा होई.

ही विद्या नवी नव्हे. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक गेरिक यांनी पाण्यावर टोमॅटोचे उंचच उंच वेल वाढवून 1937 मध्ये तिचे 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जल आणि श्रम असा होतो. पुढे शोल्टो डग्लस यांनी 1946 च्या सुमारास बंगालमधील कालिम्पाँगला खडी-वाळूवर प्रयोग करून ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचा यत्न केला. त्या नावातले जल मला लगेच कळले होते. श्रम कळायला दीड महिना लागला.

कारण आमच्या बोअरचे पाणी जड. त्याचा सामू साडेसातच्या वर, आणि मिरचीला हवा 5.5 ते 6.5. रोज सकाळी मोजमाप करून थेंबाथेंबाने आम्ल घालायचे, एक दिवस चुकला की पाने पिवळी. परसात असे कधी घडले नव्हते. चार दिवस पाणी विसरलो, मूठभर खत जास्त पडले, तरी काळ्या मातीचे चिकण कण अधिक ते धरून ठेवीत आणि उणे पडले की सावकाश सोडीत. माझ्या चुका तिच्या पोटात जात, आणि त्याचा हिशेब मला कधी दाखवला गेला नाही. संस्कृतात पृथ्वीला 'क्षमा' म्हणतात, हे शाळेत पाठ केले होते; त्याचा अर्थ सहा बादल्यांनी शिकवला.

वैशाखात एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पंप थांबला, तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, तोही संपला, दोन झाडांची मुळे तपकिरी होऊन बुळबुळीत झाली आणि तिसऱ्या दिवशी ती झाडे गेली. महसूल खात्यात एवढ्या तातडीने कुठल्या चुकीचा निकाल लागलेला मी पाहिला नाही. उरलेल्या चारांनी मात्र भर उन्हाळ्यात ठेच्यापुरत्या मिरच्या दिल्या, त्या झणझणीत होत्या, हे नमूद केले पाहिजे.

मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर कुंपणाशी गेलो, तर जी काडी मी मृत म्हणून दप्तरातून कमी केली होती, तिच्या बुंध्याशी, धुवून ओतलेल्या मातीची पापुद्र्यासारखी साय फोडून, तीन हिरवे कोंब वर आले होते. त्या सातव्या झाडाला सबंध उन्हाळ्यात मी आणखी पाणी घातले नव्हते. उरलेल्या चार झाडांना पुन्हा जमिनीत रुजू करण्याचा हुकूम त्याच दिवशी लिहिला. मात्र भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे ती आठ दिवस सावलीत ठेवायची आहेत, कारण क्षमेचीही सवय सुटलेली असते.