बंधारा लहान, पण खालच्या वस्तीचे काय?

शिरपूर - धरणफुटीचा विषय निघाला, की १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेतची आठवण निघते. मोठ्या धरणांवर शासनाची देखरेख असते. परंतु खासगी जमिनीवर नाला अडवून सहल व नौकाविहारासाठी केलेल्या लहान तलावांचे काय? सातपुड्यातून अनेर, अरुणावती आणि असंख्य नाले तापीकडे धावत असलेल्या, बंधाऱ्यांसाठीच राज्यभर नाव झालेल्या या तालुक्यात हा प्रश्न गैरलागू नाही.

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. १५ मीटरपेक्षा उंच धरणे, मग मालक शासन असो वा खासगी, त्याच्या कक्षेत येतात. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लांबी, साठा, पूरविसर्ग आदी निकष लावले जातात. आठ मीटरचा खासगी तलाव मात्र या कायद्याबाहेरच राहतो.

येथे धोका-वर्गीकरणाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. केंद्रीय जल आयोगाच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत चार वर्ग आहेत. हा वर्ग धरणाची प्रकृती सांगत नाही. धरण फुटल्यास खाली किती माणसे व मालमत्ता संकटात येतील, हे सांगतो. त्यामुळे ओसाड माळावरच्या बारा मीटरच्या भिंतीपेक्षा पाड्याच्या डोक्यावरचा सहा मीटरचा मातीचा बांध अधिक धोकादायक ठरू शकतो. खाली नवी घरे उभी राहिली, तर बांध तोच राहूनही त्याचा वर्ग बदलतो.

हौसेच्या तलावाने केवढा अनर्थ होतो, हे अमेरिकेतील जॉन्सटाऊनने पाहिले आहे. धनिकांच्या क्लबने मासेमारी व विहारासाठी घेतलेल्या साउथ फोर्क धरणाचा माथा खाली घेण्यात आला होता, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविल्या होत्या. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि २,२०९ जणांचा बळी गेला. आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे हे लघुपाटबंधारे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक जण दगावले.

'शिरपूर पॅटर्न'ची गोष्ट वेगळी आहे. भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या पुढाकाराने २००४ पासून येथे नाले रुंद व खोल करून सिमेंट बंधारे बांधण्यात आले. पाणी मुख्यतः जमिनीच्या पातळीखाली साठते व बंधारा भरल्यावर त्यावरून वाहून जाते. मातीच्या बांधावरून पाणी गेले, तर मात्र खालचा उतार खरवडला जाऊन काही तासांतच भगदाड पडू शकते. म्हणूनच पुरेसा व मोकळा सांडवा हाच अशा तलावाचा प्राण होय.

खासगी तलावांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र तालुकास्तरावर त्यांची नोंद व्हावी, उंचीसोबत खालची घरे मोजली जावीत, आणि पावसाळ्यापूर्वी सांडवा, झिरपा, उंदीर-घुशींची बिळे व बांधावरील झाडे तपासली जावीत. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. बांधाची मालकी खासगी असेल. त्याचे पाणी मात्र सातबारा पाहून वाहत नाही.