वस्तू कोणत्या भाषेत बोलते?

अम्मी फजरच्या आधी उठते. खाटेपासून वुजूच्या नळापर्यंत दहा-बारा पावलं, पण तेवढी ती अंधारातच चालते, कारण दिवा लावला तर नातवंडं जागी होतात. मागच्या हिवाळ्यात याच वाटेवर तिचा पाय घसरला. धाकटा भाऊ दुबईहून येताना हालचाल ओळखणारा सेन्सर घेऊन आला. हब मी इथून ऑनलाइन मागवला. दोन्ही डब्यांवर ठळक अक्षरांत झेड-वेव्ह. शहापूरच्या घरात आम्ही दोघं भाऊ तीन रात्री खटपट करत बसलो, पण हबला सेन्सर काही सापडला नाही.

चूक आमचीच होती. झेड-वेव्हची रेडिओ लहर देशागणिक बदलते. भारतात ती ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे, तर अमिरातीत युरोपसारखी ८६८.४. आखातातून येणाऱ्या बॅगेत पूर्वी खजूर आणि अत्तर असायचं, आता अशी उपकरणंही असतात. म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

झिगबीचं तसं नाही. तिची २.४ गिगाहर्ट्झची लहर दुबईतही चालते आणि भंडाऱ्यातही. पण लहर जुळली म्हणजे बोलणं जुळलं, असंही नाही. झिगबी आणि थ्रेड एकाच प्रकारचा रेडिओ वापरतात, तरी एकमेकांचं त्यांना काही कळत नाही. आपल्याला हे पटायला हवं. उर्दू वाचणारा अरबी अक्षरं ओळखतो, म्हणून त्याला अरबीचा अर्थ लागतोच का?

या गोंधळावर तोडगा म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे सामाईक मानक आलं. चांगली गोष्ट आहे, पण डब्यावर मॅटर दिसलं की डोळे मिटून घ्यावं, हे मला मान्य नाही. ते उपकरण वायफायवर चालतं की थ्रेडवर, हे विचारायलाच हवं. थ्रेड असेल तर घरात बॉर्डर राउटर लागतो. काही स्मार्ट स्पीकरमध्ये तो असतो, काहींत नसतो. वायफायचे स्वस्त बल्ब तर बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, राउटरची ५ची लहर त्यांना दिसतच नाही.

आणखी एक प्रश्न मी दुकानदाराला आता हमखास विचारतो: इंटरनेट गेलं तर हे चालेल का? अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद झाले. लोकांच्या भिंतीवरची बटणं चालत राहिली, मोबाइलवरचं ॲप मात्र मुकं झालं. आपल्याकडे तर इंटरनेटच्या आधी वीज जाते. अनेक स्मार्ट बल्ब वीज परत आली की आपोआप पेटतात, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. ही सवय सेटिंगमध्ये बदलता येते का, तेही घेण्याआधीच बघावं.

अम्मीच्या वाटेवर शेवटी चार्जिंगचा साधा सेन्सर दिवा लावला. त्याला हब लागत नाही की ॲप. भावाचा सेन्सर कपाटात आहे, पुढच्या सुट्टीत तो परत घेऊन जाणार आहे. अम्मीची तक्रार एवढीच, की मांजर गेलं तरी दिवा लागतो.