सर, पोरगा पुढं जाईल का?

मराठीच्या प्राध्यापकाला लोक काय काय विचारतात याची यादी करायची म्हटले, तर या अंकाची निम्मी पाने त्यातच खर्ची पडतील. लग्नपत्रिकेतला मजकूर तपासून द्या, नातीसाठी चांगलेसे नाव सुचवा, सत्काराच्या मानपत्रात दोन जड शब्द घाला, हे तर नेहमीचेच. पण गेल्या थंडीत दहिवलीच्या एका गृहस्थांनी मला जो प्रश्न विचारला, त्याच्यापुढे माझे सगळे व्याकरण लंगडे पडले.

दहिवली हे कर्जतला लागून असलेले, उल्हास नदीच्या काठचे गाव. हे गृहस्थ कर्जत स्टेशनवर रिक्षा चालवतात. त्यांचा मुलगा आमच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला, माझ्याच वर्गात. वर्गात तो शेवटच्या बाकावर आणि कबड्डीच्या मैदानात पहिल्या चढाईला! जिमखान्याचे काम माझ्या गळ्यात पडलेले असल्यामुळे त्याचे सामने पाहणे मला भागच होते. पुढे पुढे मी ते आवडीने पाहू लागलो, हे कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी रिक्षा थांबवून ते म्हणाले, “सर, तुमी पोराचा खेळ बघितलाय. खरं सांगा, टीव्हीवरल्या कबड्डीत तो जाईल का? त्याला निवड-शिबिराला बोलावलंय. आन् नेमकी त्याच टायमाला परीक्षा. परीक्षा सोडतो म्हणतो. पोरगा पुढं जाणार असंल तर मी आडवा येनार नाय. पन नसंल जाणार, तर आत्ताच सांगा.”

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? “आधी परीक्षा, मग खेळ” असे सांगावे आणि मोकळे व्हावे. वाचकहो, हे उत्तर मी एकदा दिलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी माझ्यापुढे उभा होता. पकडीत असा तरबेज, की त्याने चवडा धरला की चढाई करणारा जागीच बसे. त्याला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “बाबा रे, यात काही पोट भरत नाही.” त्याने ऐकले. आज तो एका कचेरीत नोकरी करतो आणि कर्जत लोकलमध्ये कधीमधी भेटतो. माझ्याविषयी त्याच्या मनात काही नाही. उलट उठून मला बसायला जागा देतो. त्या जागेवर बसताना मला मात्र अजून अवघडल्यासारखे होते. त्याचा खेळ मी पुरता पाहिला होता का? दोन सामने, तेही चहा पीत!

आमच्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. चांगला खेळाडू रेल्वेत, बँकेत नाहीतर एखाद्या मोठ्या कंपनीच्या संघात लागे. खेळावर नोकरी मिळे आणि गुडघे थकल्यावरही पगार चालू राही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हा हिशेबच बदलला. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या हंगामात त्याने चढाईत २१८ गुण मिळवले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. असे आकडे ऐकल्यावर रिक्षावाल्या बापाला झोप कशी लागावी?

पण याच बाजाराची दुसरी बाजूही आहे. पवन सेहरावतला २०२२ मध्ये २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. सगळा हंगाम त्याने बाहेर बसून काढला. ज्याच्या ‘डुबकी’ने देश वेडा झाला होता त्या प्रदीप नरवालला २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख मिळाले होते. २०२५ च्या लिलावात त्याच्यासाठी कुणी हातच वर केला नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे पेढी उघडून बसलेल्या पारख्यांनाही पुढचे दिसत नाही.

हे काही आपल्याच देशात चालते असे नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचे व्यावसायिक संघ दरसाल महाविद्यालयांतून खेळाडू निवडतात. डाव चालवणाऱ्या खेळाडूला ते क्वार्टरबॅक म्हणतात. त्याला पारखताना पळण्याचा वेग, उडी, उंची, सगळे मोजून कागदावर मांडतात. इतके करून २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या पोराला १९९ वा क्रमांक मिळाला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढे याच ब्रेडीने त्यांची सर्वांत मोठी स्पर्धा सात वेळा जिंकली. पायाचा वेग घड्याळाने मोजता येतो. अटीतटीच्या वेळी डोके किती शांत राहते ते मोजायला घड्याळ नाही.

हे सगळे मनात घोळत असताना मी त्या बापाकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या आठवड्यातले मुलाचे तिन्ही सामने शेवटपर्यंत पाहिले. या खेपेला चहा न घेता.

पहिल्या सामन्यात त्याने गुणांची लयलूट केली. पण समोरचा संघ कच्चा होता, कोपऱ्यातले दोघे हात पुढे करायच्या आधीच मागे सरकत होते. तिथले पंधरा गुण म्हणजे सोप्या पेपरातले पंचाहत्तर टक्के! दुसरे असे, की आमचे मैदान मातीचे. मातीत पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचाही काही जण फायदा उठवतात. मॅटवर बुटाचा पाय रोवला की रोवला. मग वळताना सगळा भार गुडघ्यावर येतो. मातीतला वाघ मॅटवर मांजर होऊ शकतो.

दुसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्धी तगडे होते. तो तीनदा पकडला गेला आणि मला खरे काही दिसले ते तेव्हाच. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर जातात त्याच क्रमाने परत येतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तोवर बाहेर बसून राहायचे. बाकीची मुले बसल्या बसल्या पंचांना नावे ठेवत होती, पाणी पीत होती. हा पठ्ठ्या गुडघ्यांवर हनुवटी टेकून समोरच्या कोपऱ्यातल्या गड्याच्या पायांकडे टक लावून बघत होता. आत आला तेव्हा त्याच गड्याच्या अंगावर गेला. त्याने चवड्यासाठी झेप टाकली, तसा याने पाय अलगद काढून घेतला आणि त्याला स्पर्श करून मध्यरेषा गाठली. वर्गात कधी न दिसलेला अभ्यास मी त्या दिवशी पाहिला.

तिसरा सामना ते हरले. शेवटच्या चढाईत त्याला दोन गुण हवे होते, तीस सेकंद संपत आले होते; तो गेला आणि पकडला गेला. बाहेर आल्यावर त्याने कुणाला दोष दिला नाही. मला म्हणाला, “सर, मी डावीकडे उगाच गेलो.”

आठव्या दिवशी मी रिक्षातळावर गेलो. म्हणालो, “तो टीव्हीवर दिसेल की नाही, ते मला सांगता येणार नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण आपली चूक कुठं झाली ते त्याला कळतं, आणि ती दुरुस्त करायला तो परत आत जातो. एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याला शिबिराला जाऊ द्या. परीक्षा पुन्हा देता येते. बाविसावं वर्ष पुन्हा येत नाही.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बसा सर, घरी सोडतो.” त्या दिवशी त्यांनी भाडे घेतले नाही, आणि मला पूर्वीच्या त्या लोकलमधल्या जागेची आठवण झाली. या खेपेला मात्र अवघडल्यासारखे वाटले नाही.

मुलगा शिबिराला गेला. निवड झाली नाही. “मॅटवर सराव करून पुढच्या वर्षी ये,” असे सांगून त्याला परत पाठवले. राहिलेली परीक्षा त्याने नंतर दिली, मराठीत अडतीस गुणांनी पास झाला. आता तो आठवड्यातून दोनदा पहाटेच्या लोकलने मॅटवरच्या सरावाला मुंबईला जातो. परवा स्टेशनवर दिसला. मी विचारले, “काय रे, जमतंय का?”

“पाय अजून मातीतलेच आहेत, सर,” तो हसत म्हणाला, “पण वळायला लागलेत.”