डिस्कोची कैफियत

संगीताच्या चर्चेत एखादा आक्षेप पुष्कळ वर्षे निर्वेध चालत राहिला म्हणजे त्याला सिद्धांताची प्रतिष्ठा लाभते आणि मग त्याचा पुरावा मागण्याचे कोणाला सुचतही नाही. डिस्को संगीताविषयीचा रूढ अभिप्राय अशाच प्रतिष्ठेवर आजवर निर्वाह करीत आला आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताने जे सायकेडेलिक वळण घेतले त्यात विचार होता, त्याच सुमारास वाढीस लागलेल्या फंकमध्ये जोम होता, आणि पुढच्या दशकात या दोहोंच्या जागी येऊन बसलेल्या डिस्कोत मात्र बाजारू यांत्रिकतेपलीकडे काही उरले नाही, असे हा अभिप्राय सांगतो. आमच्या पेण-रोह्याकडे त्याचीच एक देशी आवृत्ती लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ऐकावयास मिळते: आगरी लग्नातील धवला, बाल्या नाच आणि खालूबाजा ही अस्सल संपत्ती, बेंजो पार्टीने तिच्यात डिस्कोचा ठेका मिसळला आणि सारे भ्रष्ट झाले. या दोन्ही फिर्यादींचा पाया एकच असल्यामुळे त्यांचा निकालही एकत्रच लावणे उचित होईल.

पूर्वपक्ष प्रथम त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडला पाहिजे. आक्षेपकांचे म्हणणे तीन कलमांत येते. पहिले असे की, डिस्कोचा ठेका हा साच्यातून काढलेला आहे. चार मात्रांवर चार सारखे ठोके, त्यांत वादकाच्या बुद्धीला वाव नाही. दुसरे असे की, सायकेडेलिक सोलने दारिद्र्य, वर्णद्वेष आणि युद्ध यांविषयी बोलण्याचे धैर्य दाखविले, तर डिस्को केवळ नाचण्याचे आवाहन करते. तिसरे असे की, हे संगीत जिथे जाते तिथल्या स्थानिक कलेचा ग्रास करते. या तिन्ही कलमांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते हे की सायकेडेलिक सोल, फंक आणि डिस्को या तीन स्वतंत्र वस्तू असून शेवटचीने पहिल्या दोहोंचा विश्वासघात केला. हे गृहीतच खोटे आहे, म्हणून आरंभ त्याच्यापासून करतो.

नॉर्मन व्हिटफील्ड या मोटाउन कंपनीच्या निर्मात्याचे कार्य हा या बाबतीतला सर्वांत बळकट दस्तऐवज होय. स्लाय अँड द फॅमिली स्टोन या मंडळीचे नवे वादन ऐकून प्रभावित झालेल्या व्हिटफील्डने १९६८ साली टेम्प्टेशन्स या गायकसंचाकडून ‘क्लाउड नाइन’ गाऊन घेतले, आणि त्यात वा-वा पेडलची गिटार, आळीपाळीने पुढे येणारे पाच गळे व वस्तीतल्या जिण्याचे वर्णन अशी सायकेडेलिक सोलची सारी लक्षणे एकत्र आणली; मोटाउनला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो याच ध्वनिमुद्रिकेमुळे. त्याच व्हिटफील्डने आठ वर्षांनी, १९७६ साली, रोझ रॉइस या मंडळीकडून ‘कार वॉश’ करून घेतले, ज्याची गणना डिस्कोच्या मुख्य कृतींत होते आणि ज्याचे अंतरंग निखळ फंकचे आहे. एकाच माणसाने, एकाच कसबाने, या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास केला असेल, तर मधली सरहद्द कोणी आणि कोणत्या मोजणीने आखली, हे आक्षेपकांनीच सांगावे.

या दोन मुक्कामांच्या मधोमध १९७२ सालचे ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ उभे आहे. ‘ऑल डायरेक्शन्स’ या अल्बमवरील त्याचे पूर्ण रूप पावणेबारा मिनिटांच्या घरात जाते. आरंभी खर्जाच्या गिटारीवर मोजक्या स्वरांचे एक वाक्य येते आणि तेच शेवटपर्यंत पुनःपुन्हा येत राहते. त्याच्या मागे झांजेचा अखंड किणकिणाट चालतो. मग वा-वा गिटार, प्रतिध्वनीत भिजलेला ट्रंपेट, तंतुवाद्यांचा विस्तीर्ण पट आणि टाळ्या ही एकामागून एक प्रवेश करतात, आणि पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वी जवळजवळ चार मिनिटे उलटलेली असतात. विषय सोलचा, खर्जाची धारणा फंकची, आणि वाद्ये एकेक करून आणीत व काढून घेत ऐकणाऱ्याला दीर्घ काळ एकाच लयीत धरून ठेवण्याची ही रचना तंतोतंत डिस्कोची. आयझॅक हेजने १९६९ च्या ‘हॉट बटर्ड सोल’मध्ये एकेक गाणे बारा आणि अठरा मिनिटांपर्यंत नेऊन जी मुभा मिळविली, तिच्याच आधारावर डोना समरचे सतरा मिनिटांचे ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ १९७५ मध्ये शक्य झाले. विस्ताराची सनद सायकेडेलिक सोलने दिली आणि डिस्कोने ती वंशपरंपरेने उपभोगली.

तालापुरता भेद आहे आणि तो मी नाकारीत नाही. जेम्स ब्राउनने १९६५ पासून, आणि १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये पूर्णपणे, सारा भार आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर टाकला. आमच्याकडील रसिकाला समेचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे फंकचे हे मर्म त्याला इतरांहून लवकर कळावे. सम पक्की झाल्यावर बाकीच्या मात्रांवर वादक आड जातात, थांबतात, खोडी काढतात, आणि ती गंमत म्हणजेच फंक. फिलाडेल्फियाचा ढोलवादक अर्ल यंग याने १९७३ च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये पायाचा ठोका चारही मात्रांवर ठेवला आणि दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत झांज उघडली, तीच पुढे डिस्कोची मुद्रा ठरली. परंतु या चार ठोक्यांच्या वर खर्जाचा गिटारवादक जे वाजवतो ते लॅरी ग्रॅहमच्या शाळेतले असते. ग्रॅहम तरुणपणी आईच्या साथीला वाजवीत असे आणि संचातला ढोलवादक गेल्यामुळे त्याने अंगठ्याने तारेवर प्रहार करून ढोलाची उणीव भरून काढली. ती रीत त्याने स्लायच्या मंडळीत नेली, तिथून ती फंकभर पसरली आणि फंकमधून डिस्कोच्या नृत्यगृहांत पोचली. पायाचा ठोका स्थिर झाल्याने खर्जाच्या वादकाचे स्वातंत्र्य वाढलेच. ज्याला शंका असेल त्याने शीक या मंडळीच्या १९७९ च्या ‘गुड टाइम्स’मधील बर्नार्ड एडवर्ड्‌सचे वादन लक्षपूर्वक ऐकावे.

यांत्रिकतेचे कलम येथेच निकालात निघते. यंत्राचा दाखला द्यावयाचाच तर तो डिस्कोच्या आधीचा आहे: स्लाय स्टोनने १९७१ च्या ‘फॅमिली अफेअर’मध्ये ढोलवादकाच्या जागी तालयंत्र बसविले, आणि त्या गाण्याला निष्प्राण म्हणण्याचे धाडस आक्षेपकांपैकी कोणी केलेले नाही. राहिला साच्याचा मुद्दा. पेण, हमरापूर आणि जोहे येथील कारखान्यांत गणपतीची मूर्ती साच्यातूनच निघते. परंतु रंगकाम होऊन कारागीर डोळ्यांची आखणी करावयास बसतो तेव्हा एकाच साच्याच्या दोन मूर्तींत प्रसन्नतेचे अंतर पडते, आणि गिऱ्हाईक ते अंतर पाहूनच मूर्ती निवडते. डिस्कोचे चार ठोके हा साचा आहे, हे मला सर्वस्वी मान्य आहे. त्यावरची आखणी कोणाची आणि कशी, हा खरा प्रश्न, आणि तो प्रत्येक कृतीपुरता स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

आशयशून्यतेचे दुसरे कलम अधिक गंभीर आहे. सायकेडेलिक सोलने सामाजिक दुःखाला शब्द दिले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. परंतु संगीताचा आशय त्याच्या शब्दांतच राहतो असे मानणाऱ्याला तराणा निरर्थक ठरवावा लागेल. डेव्हिड मँकुसो याने १९७० साली न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या जागेत ‘लॉफ्ट’ नावाने नृत्यसभा सुरू केल्या, तेव्हा तिथे कृष्णवर्णीय, लॅटिनो, गोरे, समलिंगी, सधन आणि निर्धन अशी सर्व प्रकारची माणसे एका छताखाली नाचू लागली. जी समता गाण्याच्या शब्दांत मागितली जात होती ती तिथे रात्रभर प्रत्यक्ष आचरणात येत होती. आणि तिथे वाजत असे काय? टेम्प्टेशन्समधून बाहेर पडलेल्या एडी केंड्रिक्सचे १९७२ चे ‘गर्ल यू नीड अ चेंज ऑफ माइंड’ तिथे लोकप्रिय झाले आणि आज ते डिस्कोच्या आद्य कृतींत गणले जाते. श्रोते तेच आणि गायकही त्याच परंपरेतले असताना विश्वासघात कोणी कोणाचा केला?

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटकांनी उडवून देण्यात आला, जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. त्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्याही आल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे जाळणाऱ्यांच्या लेखीही सोल, फंक आणि डिस्को एकच होती हे उघड होते. त्यांचे ऐक्य द्वेष्ट्यांनी ओळखले आणि स्नेह्यांनी नाकारले, हे खेदजनक होय. त्याच शिकागोत पुढील काही वर्षांत डिस्कोमधून हाउस संगीत जन्मले, म्हणजे तो अग्नी निष्फळ ठरला.

आता तिसरे कलम, आणि ते आमच्या घरचे आहे. हे संगीत परके असून ते आपले गिळते, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयांकडे पाहावे. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी राहुलदेव बर्मन यांच्या संगीतात १९७१ साली ‘दम मारो दम’ गायिले, तेव्हा सायकेडेलिक वळण आपल्या चित्रपटांत शिरले होतेच. ‘कुर्बानी’तून १९८० मध्ये संगीतकार बिद्दूने डिस्को आणले आणि ‘कर्झ’साठी लक्ष्मीकांत कुडाळकर व प्यारेलाल यांनी त्याच वर्षी तेच केले. १९८२ साली चरणजित सिंग या मुंबईतील चित्रपटवादकाने ललित, यमन, मालकंस इत्यादी दहा राग सिंथेसायझर व तालयंत्र यांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवून त्यांची तबकडी काढली. मुंबईत वाढलेल्या आणि हिंदुस्थानी गायकीची तालीम घेतलेल्या आशा पुथली यांनी ऑर्नेट कोलमनच्या जॅझमध्ये गाऊन झाल्यावर १९७६ मध्ये ‘स्पेस टॉक’ गायिले, ज्यात सोलचे मार्दव, फंकचा खर्ज आणि डिस्कोची गती यांचे मिश्रण वेगळे काढता येत नाही. आणि मँकुसोच्या लॉफ्टमध्ये ते आवडीने वाजविले गेले. म्हणजे या संगमात आपले पाणीही आहे.

पेण-रोह्यात त्याचे रूप पाहावयाचे तर आगरी हळदीला जावे. दिवसाच्या विधींत धवलारीण वाद्याच्या साथीवाचून, संथ गळ्याने धवला गाते आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुढे सरकत नाही. रात्री त्याच मांडवात बेंजो वाजतो. हा बेंजो म्हणजे कळा दाबून तारा छेडण्याचे बुलबुलतरंग, ज्याचा पूर्वज विसाव्या शतकाच्या आरंभीचे जपानी ताइशोगोतो होय. त्याला वीज जोडून ध्वनिवर्धकात घातले की त्याचा आवाज सायकेडेलिक गिटारीच्या करकरीत धारेजवळ जातो. कोळीगीताची चाल सहा मात्रांच्या हिंदोळ्याची असते. बेंजो पार्टीचा ढोलवाला तिच्याखाली दर तीन मात्रांना एक ठाम ठोका ठेवतो. चाल मोडत नाही, उलट नाचणाऱ्याच्या पायाला भरवसा मिळतो. नाचणारे थकलेले दिसले की बेंजोवाला एखादे कडवे वाढवितो, ताशा एकटाच सोडतो, मग ढोल पुन्हा आत घेतो. व्हिटफील्डने फितीवर जे केले तेच तो रस्त्यावर करतो. बाल्या नाचातील शक्तीवाले आणि तुरेवाले यांनीही चित्रपटांच्या चाली बिनदिक्कत उचलल्या आणि त्यांत आपले सवाल-जवाब बसविले. देवाणघेवाण हाच ज्या लोककलेचा स्वभाव आहे तिच्या नावाने शुद्धतेची फिर्याद गुदरणे म्हणजे मुखत्यारपत्र नसताना वकिली करणे होय.

आक्षेपकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. भिंतीएवढे ध्वनिक्षेपक उभे करून रुग्णांच्या आणि बालकांच्या छातीत धडकी भरविणे हा अन्याय असून त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत आणि रात्री दहानंतर ते कसोशीने पाळलेच पाहिजेत. परंतु तो गुन्हा आवाजाच्या पातळीचा आहे; त्याची शिक्षा तालाला देणे न्यायाचे नाही.

मग मंडन कशाचे करावयाचे? माझे प्रतिपादन असे की, सायकेडेलिक सोल, फंक आणि डिस्को ही एकाच सामूहिक नृत्यधर्माची तीन अंगे आहेत: पहिल्याने काळाचा विस्तार दिला, दुसऱ्याने समेचा भार दिला, तिसऱ्याने सर्वांना एकत्र पाऊल टाकता येईल अशी भूमी दिली. यांपैकी कोणतेही अंग तोडले की उरलेली दोन्ही पंगू होतात. म्हणून संगीताची परीक्षा त्याच्या नावावरून न करता, वाजविणारा नाचणाऱ्याकडे पाहून वाजवितो की नाही यावरून करावी. या कसोटीला बेंजो पार्टी उतरते. ठरावीक तुकडा रात्रभर फिरविणारी, कोणाकडेही न पाहणारी पेटी उतरत नाही, मग तिच्यातून डिस्को वाजो की धवला. आमच्या दोन्ही तालुक्यांतील उत्सव मंडळांनी वर्गणीतला पैसा ध्वनिक्षेपकांच्या भिंतींऐवजी हाताने वाजविणाऱ्यांवर खर्च करावा, खालूबाजाला आणि बेंजोला एकाच मिरवणुकीत मान द्यावा, आणि धवलारिणींची गाणी त्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. असे झाले तर जुन्याचे रक्षण होईल आणि नव्याचा द्वेषही करावा लागणार नाही. कारण ज्या समाजाजवळ वाजविणारे हात शिल्लक आहेत त्याला कोणत्याही ठेक्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.