निकाहनाम्यातले रिकामे रकाने

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हा त्यांच्याबरोबर सात मुस्लिम महिला होत्या. सातच. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी. दरवर्षी एप्रिल आला की त्या मोर्चाचा फोटो आपल्या मोबाइलवर येतो आणि आपण तो पुढे पाठवतो. पाठवावाच. पण आपल्या चळवळीची भाषा अलीकडे फार निकालांची झाली आहे, असे मला वाटते. शहाबानो १९८५, शायराबानो २०१७, मग २०१९ चा कायदा, अशा तारखा आपल्याला पाठ आहेत. संविधानाची कलमे १४ आणि १५ आपण पोस्टरवर लिहितो. मोहल्ल्यातली एखादी भाभी दोन लेकरांना घेऊन माहेरी येऊन बसते, तेव्हा मात्र पहिला अर्ज कुठे करायचा हे तिला सांगणारे कुणी सापडत नाही.

२०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक गुन्हा ठरला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण नवऱ्याने तलाकचा शब्दच उच्चारला नाही तर? बायकोला माहेरी सोडायचे, फोन उचलायचा नाही, खर्चाला पैसे पाठवायचे नाहीत. ना तलाक, ना संसार. अशा बाईसाठी त्या कायद्यात काही नाही. जिला मुलांची फी भरायची आहे तिला नवरा तुरुंगात जाऊन काय मिळणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. त्याचे समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेले नाही.

तिच्या कामाचे कलम दुसरेच आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १४४ झाले. पोटगीचे हे कलम सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. शहाबानोला याच कलमाखाली आधी महिना २५ रुपये मंजूर झाले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. एवढ्या रकमेवरून देश पेटला! पुढे १९८६ चा कायदा आला आणि मुस्लिम बाईला पोटगी मिळत नाही, अशी समजूत घरोघरी बसली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले, की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याचीही तरतूद केली पाहिजे. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की तलाक झालेली मुस्लिम बाईसुद्धा १२५ खाली दाद मागू शकते. तिथे प्रश्न महिना १०,००० रुपयांच्या अंतरिम पोटगीचा होता. तरीही जुनी समजूत जात नाही, आणि ती घालवायचे काम कुठलेही न्यायालय करणार नाही.

हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे. अर्ज बाई राहते त्या ठिकाणी करता येतो. नवऱ्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असे कायदा म्हणतो. होतोच असे नाही, पण ते वाक्य वकिलाला दाखवता येते. आणि वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथपर्यंत तिच्याबरोबर जाणारे कुणीतरी हवे, एवढेच.

त्याहून आधीचे काम निकाहाच्या दिवशीचे. निकाह हा करार आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग करार न वाचता सही कशी करतो? मेहरचा रकाना बघा. मेहर लगेच द्यायची की नंतर, हे ठरवणारे दोन अरबी शब्द आहेत. उर्दू लिपीत त्यांचे एक अक्षर वेगळे असते. देवनागरीत दोन्ही 'मुअज्जल'च होतात. म्हणजे मराठीत भरलेल्या निकाहनाम्यात फक्त 'मुअज्जल' लिहिले, तर त्यातून काहीच कळत नाही. सरळ लिहा: इतके रुपये आज दिले, इतके बाकी.

दुसरा मुद्दा तफवीजचा. नवरा आपला तलाकचा अधिकार करारातच बायकोला देऊ शकतो. हनफी फिकहला हे मान्य आहे, आपल्या न्यायालयांनीही मान्य केले आहे. पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या सरकारी निकाहनाम्यात १८ वा रकाना त्यासाठीच छापलेला असतो. आपल्याकडे अशी अट हाताने लिहावी लागते. ती मुलीकडच्यांनी मागितली की, "आधीच तुटण्याच्या गोष्टी?" असे ऐकून घ्यावे लागते. म्हणून ती नवऱ्या मुलाने स्वतःहून लिहावी. हे वाचणाऱ्या मुलांपैकी ज्यांचा निकाह ठरला आहे त्यांच्यासाठीच हे लिहिले आहे.

वारसाहक्काबद्दल थोडेच सांगतो, कारण इथे आपली लबाडी फारच उघडी आहे. बहिणीला भावाच्या निम्मा वाटा, ही शरियतची वाटणी. संविधानाच्या समतेला ती पुरी पडत नाही, असे माझे मत आहे. त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण तो निम्मा तरी किती बहिणींना मिळतो? बाप गेला की भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतात आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. शेती असेल तर आणखी गंमत: १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. पर्सनल लॉ वाचवायला रस्त्यावर उतरणाऱ्यांनी याविरुद्ध मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही.

तेव्हा एक सुचवतो. आपल्या जमातीच्या काझींकडून निकाहनाम्याचा कोरा फॉर्म मागून आणा. चार मैत्रिणी, चार मित्र बसून तो वाचा. मेहरला किती जागा आहे, अटी लिहायला ओळी आहेत का, मुलीची सही कुठे घेतात, वकील आणि साक्षीदार कोण, नक्कल मुलीच्या हातात पडते की तिच्या भावाच्या, हे तपासा. नक्कल तिच्याकडे नसेल तर पोटगीच्या अर्जापासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक ठिकाणी ती अडते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणीही करून घ्या. काझीसाहेब बहुधा विचारतील, कोरा फॉर्म कशाला हवा? वाचायला, म्हणून सांगा.