गुरुजींना शहाणपण शिकवू नका, त्यांची माहिती कोणी फोडली ते विचारा

आपल्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त गुरुजींना नोव्हेंबरात फोन आला. हयातीच्या दाखल्याचा महिना. समोरच्याने पीपीओ नंबर बरोबर सांगितला, निवृत्तीची तारीख सांगितली, पेन्शन कोणत्या बँकेत जमा होते तेही सांगितलं. मग म्हणाला, सर, दाखला घरबसल्या करून देतो, आलेला ओटीपी तेवढा सांगा. गुरुजींनी सांगितला. खातं साफ.

आणि लोक काय म्हणाले? "एवढा शिकलेला माणूस, फसला कसा?" घरची पोरंही तेच बोलली. गुरुजी आता चौकात चहालाही येत नाहीत. पैशापेक्षा हे जास्त लागलं त्यांना. मला राग आहे तो याचाच.

अरे भाऊ, पीपीओ नंबर काय गुरुजींच्या कपाळावर लिहिला होता? तो कुठल्या तरी कार्यालयातून, बँकेतून, कुठल्या तरी कॉम्प्युटरमधूनच बाहेर गेला ना? नेमका कुठून, हे सिद्ध करता येत नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही. दुखणं नेमकं तेच आहे. जो फसला त्याचं नाव गावभर झालं, आणि ज्याच्या हातून माहिती गेली त्याला साधी नोटीसही नाही.

२०२१ मध्ये डॉमिनोजच्या १८ कोटी ऑर्डरींचा तपशील बाहेर आला. मोबाइल नंबर टाकला की पत्ता दिसायचा. लोकांनी पिझ्झावर विनोद केले आणि विसरले. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांच्या पॉलिसी आणि दवाखान्याचे रिपोर्ट टेलिग्रामच्या चॅटबॉटवर मिळत होते. हॅकरचा दावा ३ कोटी १० लाख ग्राहकांचा. कोणाला काय आजार आहे हे मागेल त्याला मिळत होतं!

आता त्यात नकली आवाजाची भर पडली आहे. विधानसभेच्या मतदानाची आदली रात्र आठवा, १९ नोव्हेंबर २०२४. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइनच्या ऑडिओ क्लिप आल्या. भाजपच्या अधिकृत हँडलवरून फिरल्या. दोघांनीही आवाज आपला नाही म्हणून सांगितलं. बूम या फॅक्टचेक करणाऱ्यांच्या तपासणीत त्यातल्या बहुतेक क्लिप एआयने बनवल्याची दाट शक्यता निघाली. पण तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले होते, आवाज ओळखीचा आहे. सख्खा चुलतभाऊ! तिथे तुम्ही-आम्ही कोण? मीही ती क्लिप दोनदा ऐकली आणि खरं सांगतो, मला पटली होती. खुलासा येईपर्यंत लोक रांगेत उभे होते.

२०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षुकांना ठेचून मारलं. तेव्हा एआय नव्हतं, नुसते व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड होते. आता उद्या आपल्याच सरपंचाच्या, आपल्याच मुलीच्या आवाजात मेसेज येईल, आणि पाठवणाऱ्याकडे तुमच्या घरादाराची यादी आधीच असेल. फुटलेली माहिती आणि नकली आवाज एकत्र आले की 'सावध राहा' सांगून काय होणार?

सरकारनं काय केलं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा केला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. गुरुजींना छदाम नाही. उलट आयटी कायद्यातलं ४३-अ कलम, ज्याखाली नुकसानभरपाई मागता येते, तेच हा कायदा काढून टाकतो. तुमची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर मात्र तुम्हालाच १० हजारांपर्यंत दंड! आणि गंमत बघा, कंपन्यांना जबाबदाऱ्या पाळायला १८ महिन्यांची मुदत, पण माहिती अधिकारातलं ८(१)(जे) कलम बदलणारी तरतूद लगेच लागू. म्हणजे रस्त्याचं बिल कोणाच्या नावे निघालं असं मी विचारलं तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून हाकलणं सोपं झालं. गुरुजींचा पीपीओ नंबर मात्र बाजारात फिरू दे.

खासदार अमर काळे साहेब, ४३-अ काढून घेतल्यावर फसलेल्या माणसाने दाद कुठे मागायची, हे लोकसभेत विचारा. पालकमंत्री पंकज भोयर साहेब, तुम्ही गृह (ग्रामीण) राज्यमंत्री आहात. वर्धा जिल्ह्यात किती सायबर तक्रारी आल्या, किती रक्कम परत मिळाली आणि माहिती मुळात कुठून फुटली याचा तपास किती प्रकरणांत झाला, एवढं जाहीर करा. तिसऱ्या आकड्याची मी खास वाट पाहतोय.

आणि कोणाचे पैसे गेले तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकं पैसे थांबवणं कठीण. गुरुजींनी दोन दिवसांनी सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, "लोक हसतील ना बाप्पा."