पाचामुखी परमेश्वर; पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर?

"डॉक्टर, ऑपरेशनला कुणाचा हात चांगला?" हा प्रश्न जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला वरचेवर ऐकावा लागतो. पित्ताशयात खडे, हर्निया, गर्भाशयात गाठ असे निदान झाले, की शस्त्रक्रिया कशी होते यापेक्षा ती कोण करणार, याची काळजी रुग्णाला अधिक असते. ती रास्तच आहे. पण आम्ही उत्तर देतो ते कशाच्या आधारावर? आधी पाठविलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, सर्जनचे शिक्षण कुठे झाले, भूलतज्ज्ञ काय सांगतात आणि गावात काय बोलले जाते, एवढ्यावरच. सर्जनचा हात प्रत्यक्ष चालताना आम्ही क्वचितच पाहिलेला असतो. लोक म्हणतात, 'त्यांच्या हाताला यश आहे.' हे यश मोजता येते काय, आणि येत असेल तर ते कोणी मोजावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

कौशल्य मोजता येते

शस्त्रक्रियेतील कसब ही अंगची देणगी आहे, ती मोजण्याची गोष्ट नव्हे, असा समज वैद्यकीय क्षेत्रात दीर्घकाळ होता. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या सर्जनांनी १९९७ साली त्याला छेद देणारी एक परीक्षापद्धती प्रसिद्ध केली. शिकाऊ सर्जनने शरीरातील नाजूक भागांना किती जपून हात लावला, वाया हालचाली किती केल्या, अवजारे कशी धरली, मदतनिसाचा उपयोग कसा करून घेतला, पुढची पायरी त्याला ठाऊक होती काय, अशा मुद्द्यांवर परीक्षक गुण देऊ लागले.

या गुणांचा रुग्णाच्या जिवाशी काही संबंध आहे काय? अमेरिकेतील मिशिगन राज्यात याचा शोध घेण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. लठ्ठपणावरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांनी आपापल्या एकेका शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली. नाव न कळता किमान १० सर्जनांनी प्रत्येक फीत पाहून १ ते ५ असे गुण दिले. सर्वांत कमी गुणांच्या चौथाईतील सर्जनांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वांत वरच्या चौथाईत ते ५.२ टक्के निघाले. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ०.२६ आणि ०.०५ टक्के होते. लक्षात घ्या, हे सारे पदवीधर, अनुभवी सर्जन होते आणि फीत त्यांनी स्वतःच निवडून दिली होती. म्हणजे भिंतीवरची पदवी तीच, पण हातात एवढा फरक!

तेव्हा हात पाहणे आवश्यक ठरते. अडचण एकच. पाहणार कोण? ज्येष्ठ सर्जनला स्वतःच्या शस्त्रक्रियांतून उसंत नसते. शिकाऊ डॉक्टर सोमवारी चुकीचा टाका घालतो आणि तो चुकीचा होता हे त्याला कळते, कळलेच तर, महिन्यांनंतर. तोपर्यंत चूक हातात बसलेली असते.

गर्दीचा कौल

इंग्लंडमधील प्लिमथ येथे १९०६ साली भरलेल्या पशुप्रदर्शनात एका बैलाचे मांसाचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. त्यांचा मधला आकडा १,२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन होते १,१९८ पौंड. एकेकट्याचा अंदाज चुकतो, पण कुणी वर चुकतो, कुणी खाली, आणि चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आपल्याकडे 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात, त्यातले मर्म हेच. अनेकांकडून थोडे थोडे काम करून घेण्याच्या या रीतीला २००६ साली जेफ हाउ या अमेरिकी पत्रकाराने 'क्राउडसोर्सिंग' हे नाव रूढ केले.

सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींनी हीच रीत शस्त्रक्रियेला लावली. यंत्रमानवाच्या साहाय्याने टाके घालतानाची एक छोटी चित्रफीत त्यांनी तीन गटांना दाखविली. एका गटात सर्जन होते. दुसऱ्यात ॲमेझॉन कंपनीच्या संकेतस्थळावर नाममात्र मोबदल्यात किरकोळ कामे करणारे शेकडो सामान्य लोक, तर तिसऱ्यात फेसबुक वापरणारे. दोन्ही हात एकमेकांना साथ देतात काय, अवजार नेमक्या खोलीवर पोहोचते काय, हालचाल नेटकी आहे काय, असे मोजकेच प्रश्न होते. लक्ष न देता उत्तरे ठोकणाऱ्यांना गाळण्यासाठी चाळणीचे प्रश्नही होते. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांचे सरासरी गुण जवळजवळ सारखे आले! फरक पडला तो वेळेत. मोबदल्यावर काम करणाऱ्यांची उत्तरे एका दिवसात आली, सर्जनांच्या उत्तरांना तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. या कल्पनेवर उभी राहिलेली कंपनी २०१८ साली जॉन्सन अँड जॉन्सनने विकत घेतली.

हे नवल वाटेल, पण अशक्य नाही. एसटीत बसलेल्या प्रवाशाला गाडी चालविता येत नसते. तरी चालक क्लच कसा सोडतो, ब्रेक कसा मारतो, हे त्याच्या पाठीला बरोबर कळते. सुई दोनदा निसटली, हात चाचपडला, ऊतक ओढले गेले, हे पाहायला वैद्यकीय पदवी लागत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर सर्जनला जे पडद्यावर दिसते तेच इतरांनाही दिसते. पूर्वी पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत आत काय चालले आहे ते टेबलाभोवतीच्या दोन-तीन माणसांनाच दिसे.

प्रवाशाला रस्ता ठाऊक नसतो

मात्र हीच उपमा पुढे न्यावी लागेल. गाडी झोकात चालली आहे हे प्रवाशाला कळते, पण ती चुकीच्या फाट्याला वळली हे नवख्या प्रवाशाला कळत नाही.

पित्ताशय काढताना त्याच्या नळीला व रक्तवाहिनीला चिमटे लावून त्या कापतात. जवळच पित्ताची मुख्य नलिका असते. ती चुकून कापली गेली तर रुग्णाचे आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते. म्हणून पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच नळ्या स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये, असा दंडक अमेरिकी सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली घालून दिला. आता कल्पना करा, एखाद्याने सफाईदार हाताने चुकीची नलिका कापली. गर्दी त्याला भरघोस गुण देईल. दुसरा सर्जन चिकटलेला भाग पाहून थांबला आणि रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी त्याने पोट उघडण्याचा निर्णय घेतला. दुर्बिणीची फीत तिथेच संपली. त्याचे शहाणपण गर्दीला दिसणारच नाही. शस्त्रक्रिया करावी की नाही, केव्हा थांबावे, हे बुद्धीचे काम आहे आणि त्याची पारख जाणत्या सर्जनलाच करता येते. गर्दीने हात पाहावा, निर्णय गुरूने पाहावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडे काय करता येईल?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. आज अशा शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावीही होतात. शिकाऊ सर्जनच्या नोंदवहीत मात्र त्याने किती शस्त्रक्रिया केल्या हे असते. कशा केल्या हे क्वचितच असते.

सुरुवात साध्या गोष्टींपासून करावी. गाठ मारणे, टाका घालणे, खोक्यात दुर्बिणीने वस्तू उचलणे, या सरावाच्या दोन-दोन मिनिटांच्या फिती नावाशिवाय दुसऱ्या जिल्ह्यांतील इंटर्न, परिचारिका विद्यार्थिनी व सामान्य नागरिकांना दाखवाव्यात. विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी गुण कळावेत. ज्यांना गुण कमी पडतील, त्यांच्याकडे ज्येष्ठांनी आपला मोलाचा वेळ द्यावा. मिशिगनमध्येच प्रोस्टेटच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या १२ सर्जनांवरील २०१६ च्या अभ्यासात, तळाशी कोण आहेत याबाबत गर्दीचे आणि सर्जनांचे मत बरेचसे जुळले होते. चाळणी म्हणून एवढे पुरेसे आहे.

"आता लोकांनी डॉक्टरांची परीक्षा घ्यायची काय?" असे माझे काही व्यवसायबंधू म्हणतील. त्यांना माझा प्रतिप्रश्न आहे. सध्या विद्यार्थ्याचे भवितव्य बहुधा एका मार्गदर्शकाच्या मर्जीवर असते, ते अधिक न्याय्य आहे काय? शंभर अनोळखी माणसांना त्या हातांचे आडनाव ठाऊक नसते, जात ठाऊक नसते, वडिलांचे स्वतःचे हॉस्पिटल आहे की शेतमजुरी, हेही ठाऊक नसते. त्यांना फक्त हात दिसतात. शेतमजुराच्या हुशार मुलीला याहून चांगला परीक्षक कोणता मिळणार?

तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले, रुग्णाची वेगळी लेखी संमती घ्यावी, फितीवरचे नाव व तारीख काढून टाकावी, आणि नकार दिला म्हणून उपचारात तसूभरही फरक पडू नये. दुसरे, गुण विद्यार्थी व शिक्षक यांच्यापुरतेच राहावेत. ते जाहिरातीत झळकू लागले, तर सर्जन निवडक फिती पाठवतील आणि अवघड रुग्ण टाळू लागतील. त्यात नुकसान गरीब व अत्यवस्थ रुग्णाचेच होईल. तिसरे, एवढ्या गुणांवर कुणाला पास किंवा नापास करू नये.

इंटरनेटवर दवाखान्यांना मिळणाऱ्या ताऱ्यांची आणि या पद्धतीची गल्लत करू नका. तारा देणाऱ्याने शस्त्रक्रिया पाहिलेली नसते. त्याने बिल, वागणूक आणि वाहन लावण्याची जागा पाहिलेली असते.

वाचकहो, ही व्यवस्था येईल तेव्हा येईल. तोवर एवढे करा. सर्जनना नम्रपणे विचारा: ही शस्त्रक्रिया आपण वर्षाला साधारण किती करता? प्रत्यक्ष कोण करणार, आपण की शिकाऊ डॉक्टर? दुर्बिणीने जमले नाही तर पोट उघडण्याची तयारी आहे काय? भूल कोण देणार? रात्री त्रास झाला तर कोण येणार? दुर्बिणीचे चित्रीकरण होते काय आणि त्याची प्रत मिळेल काय? यात सर्जनचा अपमान नाही. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. बसवून उत्तरे देतो. जो रागावेल, त्याच्याबाबत मात्र दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज होकार देऊ नये.